मल्लव्वाच्या तळ्याचं कलम चार

कलम चार मी स्वतः लिहिलं होतं. निळ्या शाईने लिहिलं आणि खाली तांबडी रेघ मारली. "तळ्याच्या पाण्यात साबण लावणारा जसा दंडास पात्र, तसाच त्यास साबण पुरवणाराही दंडास पात्र राहील." हे वाक्य सुचलं त्या सकाळी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की कमलम्माला हाक मारून मी ते दोनदा वाचून दाखवलं. ती शेंगा भाजत होती.

"छान आहे," ती म्हणाली. "आता लसूण सोला."

दिल्लीत कायदे करणाऱ्यांना घरी लसूण सोलावा लागत नसावा. असो. मी सोलला. पण कलमातला एक शब्द बदलला नाही.

मी एका सूतगिरणीच्या कचेरीत पत्रव्यवहार कारकून, आणि कचेरी सुटल्यावर मल्लव्वा तळे रक्षक मंडळाचा मानद चिटणीस. मानद म्हणजे पगार नाही, बोलणी मात्र पूर्ण. तळं आमच्या गल्लीच्या टोकाला. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते इतकं आटलं होतं की मधोमध पोरांचा विटीदांडूचा डाव रंगायचा. तेव्हा गल्लीतल्या बायका पाट्या घेऊन उतरल्या आणि दोन महिने गाळ उपसत राहिल्या. पहाटे उपसायच्या आणि उपसताना गायच्या:

मल्लव्वाच्या तळ्या, तुझ्या अंगाला किती भेगा
पावसा माझ्या दादा, बहिणीच्या घरी ये गा!

आणि तो दादा आला हो. श्रावणात असा आला की तळं काठोकाठ भरलं, आणि पहिल्या दिवशी बायका नुसत्या पायरीवर बसून पाण्याकडे बघत राहिल्या. बाळंतिणीच्या खोलीत बसावं तशा. कुणी मोठ्याने बोलेना.

त्या उपशात माझंही योगदान होतं. मी काठावर छत्रीखाली बसून हजेरी लिहीत असे.

तर या पाण्यात कुणी धुणं-भांडी करू नये, जनावर घालू नये, साबण लावू नये, नाहीतर दोन रुपये दंड, असे नियम झाले. वॉर्डाच्या कचेरीकडून 'हरकत नाही' असं पत्र आणायला मला नऊ खेपा पडल्या. पावतीपुस्तक छापून आणलं. त्यात रकाने होते: गुन्हेगाराचे नाव, पित्याचे अथवा पतीचे नाव, मुक्काम, तालुका, जिल्हा. तिथेच घोटाळा झाला. पुरुषांचं ठीक होतं. पण आमच्या गल्लीत नवऱ्याचं नाव सरळ उच्चारणारी बाई शोधून सापडायची नाही, आणि नवऱ्याच्या नावावाचून पावती पुरी व्हायची नाही. मग उखाणा. एकेका पावतीला अर्धा अर्धा तास. भोवती बायकांचं कोंडाळं, आणि मी पेन उघडून नावाची वाट बघत उभा. दंड वसूल करतोय की बारशाला आलोय, हे बघणाऱ्याला कळायचं नाही.

पहिली पावती बाळाबाईची. साठीची बाई, जुन्या गिरणीत सुताचा रहाट फिरवलेली, मला तान्हेपणी मांडीवर घेतलेली, आणि गाळाच्या पाट्यांत सगळ्यांच्या पुढे. तिने नातवाची दोन दुपटी तळ्यात पिळली. मी पावतीपुस्तक काढलं. 

"माज्याकडनं घेतूस व्हय रं दंड, शिवयोग्या?"

"कायदा सगळ्यांना सारखा, बाळाबाई."

ती पदर खोचून म्हणाली, "लिव तर मग.

कांदा चिरते बारीक, भाकरी थापते गोल,
रावजींचं नाव घेते, दोन रुपयं त्याचं मोल!"

बायका खो खो हसल्या. पण बाळाबाई हसली नाही. कनवटीचे दोन रुपये तिने माझ्या तळहातावर ठेवले आणि माझी मूठ मिटवून वरून दाबली.

"सारखा म्हनलास न्हवं? ध्यानात ठिव. ज्या दिवशी तू एकाला सोडशील, त्या दिवशी आक्खी गल्ली धुनं घिऊन हितं उतरंल, अन् सगळ्यात फुडं मी असंन. मग तुजं तळं गेलं म्हनून समज."

तळं गेलं असतंच. पाणी राखायला कुंपण नव्हतं, राखणदार नव्हता. त्या म्हातारीचा शब्द एवढाच काय तो बंदोबस्त.

आठ महिने मी कुणाला सोडलं नाही. मेव्हण्यालाही नाही. त्यानंतर तो दिवाळीला आला नाही, हा फायदा वेगळा.

आणि चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात, एका शनिवारी दुपारी, सिद्रामप्पा धापा टाकत माझ्या दारात आले. सिद्रामप्पा आमचे शेजारी. रेल्वेत तिकीट तपासनीस होते, आता पेन्शनीत. सत्तावीस वर्षं दंड केलेला माणूस, त्यामुळे दंडशास्त्रात त्यांचा शब्द शेवटचा.

"चिटणीस, तळ्यात गोरी माणसं शिरलीत. फेस उठलाय फेस! कुत्रं बी हाय बरोबर."

मी पावतीपुस्तकाची पिशवी उचलली.

"थांबा," सिद्रामप्पा म्हणाले. "गोऱ्या माणसाला सहसा दंड करू नये. तो पावती वाचतो."

मी थांबलो नाही. तळ्यावर गेलो तर पिंपळाखाली एक मोटार-व्हॅन उभी, तिच्यावर फुलं, डोळे आणि एक सूर्य रंगवलेला. गुडघाभर पाण्यात एक दाढीवाला, खांद्यापर्यंत केस, अंगावर चड्डी. शेजारी सोनेरी केसांची बाई, लुंगी नेसलेली, केसांना साबण चोळत होती. दोघांच्या मध्ये एक केसाळ कुत्रा होता, त्यालाही आंघोळ चालली होती. पांढरा फेस वाऱ्याने काठाकडे येत होता, आणि काठावर गल्लीतल्या बायका हंडे घेऊन गप्प उभ्या होत्या. त्यांचं ते गप्प उभं राहणं मला आत कुठेतरी लागलं.

माझं इंग्रजी पत्रव्यवहाराचं. ते बोलायचं असतं असं मला कुणी शिकवलं नव्हतं. मी घसा साफ केला आणि गिरणीच्या थकबाकीदारांना लिहितो तेच खणखणीत म्हटलं, की वरील विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की आपण तातडीने दोन रुपये भरावेत, अन्यथा नाइलाजाने पुढील कारवाई करणे भाग पडेल, कळावे, आपला विश्वासू.

दाढीवाल्याने हसून हात जोडले, व्हॅनमधून कॅमेरा आणला आणि माझा फोटो काढला.

मी पुन्हा सांगितलं, हातवारे करून. तेव्हा त्याला समजलं, आणि त्याचं हसू गेलं. तो म्हणाला, बनारसला सगळा देश नदीत आंघोळ करतो, आणि इथे एका डबक्यासाठी पैसे? मला काय लुटायला निघालास?

डबकं! सूतगिरणीच्या पत्रव्यवहारात या शब्दाला उत्तर नव्हतं. मी सरळ पायरी उतरलो आणि बाईच्या हातातली साबणाची वडी काढून घेतली. मुद्देमाल जप्त. त्याच वेळी कुत्र्याने अंग झाडलं. चष्म्यावर फेस, सदऱ्यावर फेस, तोंडात फेस. काही दिसेना. त्याच स्थितीत मी वडी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकली, आणि माणसाला आंधळेपणी जेवढ्या ताठ मानेने चालता येतं तेवढ्या ताठ मानेने काठावर आलो. हंड्यात पाय अडकला, पण मान खाली केली नाही.

तिथून थेट पोलीस चौकी. हवालदार बिरदेव पंख्याखाली टोपी काढून बसले होते.

"गुना काय लिवू?"

"साबण लावला."

"त्यो तर मी बी लावतो की."

मी कलमं वाचून दाखवली. बिरदेवांनी शांतपणे ऐकलं. "सायेब, फॉरेनर म्हंजे वरचं खातं. त्यास्नी अर्ज, तीन प्रतीत. बापाचं नाव, गाव, तालुका लागंल. तवर त्येंची गाडी विजापूरला जाऊन गोलघुमट बघून परत आपल्या देशात पोचंल. जाऊ द्या की. पावनी मानसं."

जाऊ द्या! त्या संध्याकाळी मला हे सगळ्यांनी सांगितलं. सिद्रामप्पा म्हणाले जाऊ द्या, चहावाला म्हणाला जाऊ द्या, कमलम्माने तर ताट वाढताना म्हटलं, "जाऊ द्या हो, लांबून आलेत बिचारे," आणि माझ्याकडे न बघता भाकरी मोडली. तिचं न बघणं मला तेव्हा कळायला हवं होतं. पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. खिडकीतून बाळाबाईचं अंगण दिसत होतं. ती धुण्याचं गाठोडं बांधत होती.

रविवारी सकाळी गल्लीच तळ्यावर आली. बाळाबाई सगळ्यांच्या पुढे, डोक्यावर गाठोडं. मागे वीसएक बायका, वीसएक गाठोडी. कमलम्माही मागे उभी होती, रिकाम्या हाताने. बाळाबाईने गाठोडं पायरीवर ठेवलं, शेजारी बसून त्याच्या गाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "घेतलास दंड?"

"घेतो," मी म्हणालो.

गोरी मंडळी गेली नव्हती, कारण जाता येत नव्हतं. मोहोळजवळ त्यांच्या गाडीचा पाण्याचा पंप फुटला, तिथल्या मिस्त्रीने होते नव्हते ते सगळे रुपये घेऊन तो बसवला, आणि तो आमच्या पिंपळाखाली पुन्हा फुटला. पुरुषाचं नाव डिर्क, बाईचं इंगे. रात्रभर विचार करून असेल किंवा बायकांची ती फौज बघून असेल, डिर्क जरा मऊ झाला होता. त्याने खिशातून त्याच्या देशाची एक नोट काढून पुढे केली.

मी हात लांब करणार, एवढ्यात सिद्रामप्पांनी मनगट धरलं. "परकीय चलन! हात लावलात तर तुम्हीच आत जाल. बँक उद्या."

"उद्याचं उद्या," बाळाबाई म्हणाली आणि गाठीचं एक टोक सोडलं. "मी आजच धुते."

वीस गाठोड्यांचा मळ त्या निळ्या पाण्यात उतरतोय, असं डोळ्यांपुढे दिसलं. मी म्हणालो, "बाळाबाई, थांब. यांच्याकडे रुपये नाहीत. पण दंड म्हणजे रुपयेच असं कुठे आहे? तू सांग काय घ्यायचं. तू म्हणशील ते घेतो. आत्ता, तुझ्यासमोर."

बाळाबाईने गाठ तशीच हातात धरली. पाणी एप्रिलात मागे सरलं होतं, आणि पायऱ्यांखाली काळ्या गाळाचा पट्टा उघडा पडला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"पैसा न्हाय तर गाळ काढ म्हनावं. आमी काढला की. मानशी धा पाट्या."

मी भाषांतर केलं. डिर्क ताडकन म्हणाला, आम्ही मजूर नाही. ते मी कुणाला सांगितलं नाही, पण सूर सगळ्यांना कळला. बाळाबाई उठली. भांडायला उठली असं मला वाटलं. पण ती इंगेसमोर जाऊन उभी राहिली, पदर मागे घेतला, तिचा गोरा हात धरला आणि स्वतःच्या टाळूवर ठेवला.

"हितं बग बाई. पाटीनं केस गेलं. परत उगवत न्हाईत."

इंगेला मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण तिची बोटं त्या टाळूवर थांबली. मग तिने हात काढून वाकून पाण्याकडे पाहिलं, काठाला अजून चिकटलेल्या फेसाच्या रेघेकडे पाहिलं, आणि डिर्कला काहीतरी दोनच शब्द बोलली. घरोघरी असे दोन शब्द असतात. पोरांनी पळत जाऊन घरोघरच्या पाट्या आणल्या, आणि डिर्कने निमूट एक उचलली.

"आधी पावती!" मी ओरडलो. कायदा म्हणजे कायदा. "पतीचे नाव?"

"डिर्क," इंगे म्हणाली.

बायकांच्या तोंडाला पदर. "अगं बया! सुकं नाव घेतलं की गं!"

तालुक्याच्या रकान्यात मी 'परदेश' लिहिलं, जिल्ह्यातही 'परदेश'. एवढ्या एका पावतीत मी इतके नियम मोडले की हात भरून आला. शेवटचं काम मुद्देमालाचं. मी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि उलगडली.

तांबडी वडी होती. आणि तिच्या पाठीवर हिरव्या साबणाची एक पातळ चिपटी चिकटवलेली होती.

आता हे सांगायला हवं. जुनी वडी झिजून चिपटी झाली की ती टाकायची नाही, नव्या वडीला ओली करून दाबायची आणि एक रात्र कोनाड्यात सुकवायची. गेल्या रविवारी मी ती हिरवी चिपटी स्वतःच्या अंगठ्याने दाबली होती. एवढा फेस निघूनही तिच्यावर माझ्या अंगठ्याचा खोलगट ठसा अजून दिसत होता. वहीवर सही असावी तसा.

मी वर पाहिलं. कमलम्मा माझ्याकडे बघत होती. म्हणजे शनिवारी सकाळी ही इंगे आमच्या दारात आली असणार, हाताने अंग चोळून दाखवलं असणार, आणि माझ्या बायकोने भाकरी-चटणीबरोबर साबण दिला असणार, बादली घेऊन गाडीमागे आंघोळ करील या समजुतीने. कानडी बोलणाऱ्या मैंदर्गीची मुलगी. दारात आलेल्याला नाही म्हणणं तिच्या माहेरी कुणाला येतच नाही.

कुणालाही काही कळलं नव्हतं. पुडी परत गुंडाळली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. खरं सांगतो, माझी बोटं गुंडाळायला लागलीही होती. पण समोर बाळाबाईचा हात गाठोड्याच्या अर्ध्या सुटलेल्या गाठीवर होता. आणि त्या हाताने एकदा माझी मूठ दाबली होती.

"कलम चार," मी म्हणालो. "साबण पुरवणाराही दंडास पात्र राहील. ही वडी... ही वडी माझ्या घरची आहे."

"मी दिली," कमलम्मा म्हणाली आणि बायकांतून पुढे आली. "लिहा."

मी पुस्तक उघडलं. नाव लिहिलं. पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. लग्नात ती चौदा वर्षांची, मराठी येत नव्हतं, उखाण्याला उभी केली तर रडायला लागली. तेव्हापासून तिच्या तोंडून माझं नाव मी ऐकलं नव्हतं. 'अहो' हेच माझं नाव होऊन बसलं होतं.

"पतीचे नाव?" मी विचारलं.

"घे गं कमलम्मा!" बायकांनी तिला घेरलं. "पावती अडलीया!"

कमलम्माने पदर सावरला, पाण्याकडे पाहिलं आणि हळू, पण शेवटच्या बाईला ऐकू जाईल असं म्हणाली:

"छत्रीखाली बसून ज्यांनी लिहिली आमची हजेरी,
शिवयोगींचं नाव घेते मल्लव्वाच्या शेजारी!"

असा हशा उठला की पिंपळावरचे पारवे उडाले. डिर्क-इंगेही हसले, काही न कळता. मी रकाना भरला. अक्षर जरा वाकडं आलं. एकवीस वर्षं थकलेली बाकी हातात पडली आणि तीही टोमण्यासकट. पण पडली.

"दोन रुपये," मी म्हणालो.

"रुपये नाही," कमलम्मा म्हणाली. "मी पाट्या टाकीन."

"अन् हिला साबन कुनी आनून दिला?" हे बाळाबाई.

मी पावतीपुस्तक मिटायला लागलो.

"कलम चार म्हन की. पुरवनारा बी दंडास पात्र. बाजारातनं वडी तूच आनलीस का तुज्या बानं?"

कायदा इतक्या बारकाईने लिहू नये हे मला त्या दिवशी समजलं. मी सिद्रामप्पांकडे पाहिलं. ते म्हणाले, "चिटणीस, सत्तावीस वर्षांच्या नोकरीत सांगतो, यातनं सुटका नाही." मग त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, पेन घेतलं, आणि शेवटी माझ्या काखेतली छत्रीही घेतली. ती उघडून ते पायरीवर बसले. "नाव?"

मी विजारीची टोकं गुडघ्यापर्यंत वळवली आणि पायऱ्या उतरलो. पहिलं पाऊल गाळात गेलं ते पोटरीपर्यंत. थंड होता, मऊ होता, आणि त्याला असा वास होता जो छत्रीपर्यंत कधी आलाच नव्हता. पाटी भरली. उचलायला गेलो तर उचलेना. डोक्यावर पाटी चढवायला दुसरं माणूस लागतं, हे दोन महिने हजेरी लिहूनही माझ्या वहीत आलेलं नव्हतं.

"वाका," कमलम्मा म्हणाली.

मी वाकलो. तिने डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवली आणि वर पाटी चढवली. काळं पाणी कानामागून सदऱ्यात शिरलं. मग मी तिला चढवून दिली. पुढे डिर्क, त्याच्यामागे इंगे, मग मी, मग कमलम्मा, आणि कुत्रा सगळ्यांना ओलांडून मागेपुढे पळतोय, अशी आमची वरात काठाकडे निघाली. तिसऱ्या पाटीला मान आखडली, सहाव्याला पाय लटपटले. आठव्याला मी घसरून बसलो. बायकांनी मनापासून दाद दिली.

दहावी पाटी रिकामी करून मी कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो, तेव्हा बाळाबाई उठली. गाठोड्याचं सुटलेलं टोक तिने पुन्हा बांधलं, गाठ दाताने आवळली.

"शिवयोग्या."

"काय, बाळाबाई?"

"उचलू लाग."

मी गाळाने भरलेल्या हातांनी ते धुण्याचं गाठोडं उचललं आणि तिच्या डोक्यावर, केस नसलेल्या त्या जागेवर, हळूच ठेवलं. चादरीवर माझी दहाही बोटं काळी उमटली. तिने ती पाहिली, वळली आणि धुण्याच्या विहिरीच्या वाटेला लागली. तिच्यामागे एकेक करून वीस गाठोडी निघाली. बऱ्याच लांबून त्यांचं गाणं ऐकू येत होतं, तेच, भेगांचं आणि पावसाचं. मी शेवटचं गाठोडं वळणाआड जाईपर्यंत बघत राहिलो, आणि मग घरी जायला निघालो. आंघोळ करायची होती, आणि साबण मुद्देमालात जमा होता.